टोकाच्या खोलीतली घंटा

"हे नाव तुमचंच ना?" साहेबांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवत विचारलं.

नाव तिचंच होतं, आडनावासकट. वर लिहिलं होतं, 'घंटा तपासली. काम पूर्ण. ऑर्डर बंद.' खाली दोन वर्षांपूर्वीची तारीख आणि दुपारची वेळ. तिने चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा लावला. नाव जिथल्या तिथे होतं.

"नाव माझंच आहे," ती म्हणाली, "पण हे मी केलेलं नाही."

"मग कुणी केलं?"

याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. संशय मात्र होता. इतरांच्या पिशवीत छत्री असते तसा तिच्याकडे तो कायमच असे.

सगळं रुग्णालय तिला फौजदारीण म्हणायचं. अर्थात पाठीमागे. पण पाठीमागे काय चालतं याचा सुगावा ठेवणं हाच तिचा स्वभाव असल्यामुळे तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून थोडं आवडतही होतं. तिचं पेन टेबलाला दोरीने बांधलेलं असे. चहाच्या कपाच्या बुडाला तिने नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवला होता आणि पिण्याआधी कप उचलून तो ठिपका पाहण्याची तिला सवय होती. घराला कुलूप लावलं की ती ते ओढून बघायची, जिना उतरायची, अर्ध्यातून परत वर जाऊन पुन्हा ओढायची. नवरा खाली स्कूटर सुरू करून उभा राहायचा आणि म्हणायचा, "आता त्या कुलपालाच तुझी भीती वाटायला लागली असेल."

तिचं काम रुग्णालयाच्या सर्व्हिस डेस्कवर होतं. फोन मुका झाला, पंखा फिरेना, संगणक अडून बसला, की लोक दुसऱ्या मजल्यावर तिला आणि तिच्या शेजारणीला फोन करत. मोडलेल्या वस्तूची तक्रार निराळी. पण चांगलं चालणारं काही हलवायचं, जोडायचं किंवा काढायचं असलं, तर त्याची चेंज ऑर्डर निघे. ती कुणी मागितली, कुणी मंजूर केली, कुणी काम केलं, हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये चढत जाई आणि शेवटी तपासून बंद करणाऱ्याचं नाव तिच्यावर राही. स्वतः पाहिल्याशिवाय कुणीही ऑर्डर बंद करायची नाही असा दंडक होता. तो तिच्या आधी या टेबलावर बसणाऱ्या अप्पांनी घातलेला. अप्पा निवृत्त झाले, वर्षभर त्यांच्या शेजारी बसून शिकलेली ही त्यांच्या खुर्चीत आली, आणि दंडक तिने त्यांच्याहून कडक केला. न तपासता ऑर्डर बंद करणं तिच्या हातून झोपेतही झालं नसतं.

आणि साहेब तिला नेमकं तेच विचारत होते.

तिसऱ्या मजल्यावर टोकाच्या खोलीत ऑपरेशन झालेले एक म्हातारे गृहस्थ होते. पहाटे त्यांना उठायचं होतं, म्हणून त्यांनी उशाशी असलेलं बटण दाबलं. बटणातला लाल दिवा लागला. त्यांना वाटलं, नर्स निघाली. बराच वेळ वाट पाहून शेवटी ते स्वतःच उठले आणि पडले. खुब्याचं हाड मोडलं. सकाळी कुणीतरी आत गेलं तेव्हा ते जमिनीवर होते आणि दिवा तसाच लागलेला होता. हा दिवा खोलीत येऊनच विझवावा लागतो. घंटा ऐकणाऱ्याने जागेवरून उठावं, म्हणून तशी सोय असते. पण नर्सच्या टेबलावर घंटा वाजलीच नव्हती. दोन वर्षांपूर्वी ते टेबल दुसऱ्या बाजूला हलवलं, तेव्हा सगळ्या खोल्यांच्या तारा नव्या जागी जोडल्या आणि या एका खोलीची राहून गेली. त्या वेळी तिथे जुन्या गाद्या भरलेल्या असत, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. आता जागा कमी पडते म्हणून खोली रिकामी करून तिथे पेशंट ठेवला होता.

ते गृहस्थ पुन्हा चालतील असं डॉक्टर म्हणत नव्हते. त्यांच्या मुलीने एकच प्रश्न विचारला होता. घंटा तपासली असं कुणी लिहिलं?

"सोमवारपर्यंत लेखी खुलासा द्या," साहेब म्हणाले. "बघा, तुमचं काम चांगलं आहे हे मला माहीत आहे. पण त्यांना एक नाव द्यावं लागणार, आणि इथे तुमचं आहे. हे नोकरीवर बेतू शकतं, आधीच सांगून ठेवतो."

ती टेबलापाशी परत आली तेव्हा शेजारची बाई फोनवर होती. हिला सगळे रेडिओ म्हणायचे. पहाटे डोळा उघडल्यापासून ही बोलत असावी. तक्रार नोंदवता नोंदवता ती समोरच्याच्या सुनेची चौकशी करायची, वॉर्डातल्या कोणाला मुलगा झाला ते हिला सगळ्यांच्या आधी कळायचं आणि फोन ठेवता ठेवता ती आपल्या गुडघ्याचं एखादं दुखणं सांगून मोकळी व्हायची. फौजदारीण दिवसभर गप्प आणि रेडिओ दिवसभर सुरू, असा त्यांचा संसार वर्षानुवर्षं सुखाने चालला होता. फौजदारीण एरवी कुणाच्या हातचं पाणीसुद्धा पारखून घ्यायची, पण रेडिओने आणलेला चहा मात्र ती ठिपका न बघता प्यायची.

त्या दिवशी रेडिओने कप पुढे ठेवला आणि तिने तो उचलून बुडाशी ठिपका पाहिला.

"काय झालं गं? काय म्हणाले साहेब?" रेडिओने विचारलं.

"काही नाही," फौजदारीण म्हणाली. तिच्या मनात पाल चुकचुकली होती.

कारण तिचा पासवर्ड आणखी एकाच माणसाला ठाऊक होता. अप्पांच्या हाताखाली शिकत असताना तिला शिकाऊ खातं होतं; तेव्हा आई आजारी पडल्यामुळे ती रजेवर होती, एक अडलेली ऑर्डर सोडवायची होती, आणि तिने फोनवरून पासवर्ड रेडिओला सांगितला होता. परत आल्यावर तिने तो बदलला खरा, पण नुसता शेवटचा आकडा. रेडिओसारख्या बाईला तो ओळखायला कितीसा वेळ लागणार?

मग तारीख. ती तारीख तिला चांगली आठवत होती. तो अप्पांचा शेवटचा दिवस होता. दुपारी खालच्या हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम होता आणि पडद्यावर दिसणाऱ्या त्या वेळेला ती स्वतः खाली खुर्च्या मांडत होती. सगळे जमले होते. फक्त अप्पांचा पत्ता नव्हता. स्वतःच्याच निरोपाला उशीर करणारा पहिला माणूस म्हणून लोक हसतही होते. तेव्हा रेडिओ म्हणाली होती, थांबा, मी बघून येते. ती वर गेली आणि बराच वेळ आलीच नाही.

एवढं आठवल्यावर फौजदारणीला पुढचं रचायला वेळ लागला नाही. सुतावरून स्वर्ग गाठण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि इथे तर चांगला दोरखंडच हाताशी आला होता. अप्पांच्या खुर्चीवर रेडिओचाही डोळा होता. नोकरीत ती जुनी. मिळाली मात्र हिला. तेव्हा रेडिओ म्हणाली होती, बरं झालं बाई, मला ती हिशोबी कामं जमतच नाहीत. इतक्या सहज कुणी म्हणतं का?

रात्री जेवताना तिने हे नवऱ्याला सांगितलं. तो नळ दुरुस्त करणारा माणूस. पाणी कुठे मुरतंय ते भिंतीला हात लावून सांगायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"अगं, तुझी आई आजारी होती तेव्हा हीच बाई रोज डबा पोचवत होती ना?"

"म्हणूनच तर," ती म्हणाली. "एवढं चांगलं कुणी उगाच वागत नाही."

ताट उचलता उचलता नवऱ्याने एवढंच सांगितलं, की लिहून देण्याआधी एकदा तिला समोरासमोर विचार.

तिने विचारलं. चहाची किटली ठेवलेल्या बोळकांडीत, दार ओढून घेऊन. ऑर्डरची तारीख सांगितली, वेळ सांगितली आणि त्या वेळी तू वर काय करत होतीस ते विचारलं. आधी रेडिओच्या लक्षातच आलं नाही. ती त्या दिवशीच्या भाषणांबद्दल बोलायला लागली, कोण रडलं, कोणाचा माईक बंद पडला ते सांगायला लागली. मग बोलता बोलता तिने फौजदारणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती थांबली.

"मी अप्पांना बोलवायला गेले होते," ती म्हणाली. "ते बसले होते संगणकावर. उरलेल्या ऑर्डरी आवरत होते. मी म्हटलं, चला, तर म्हणाले, पाच मिनिटं बस. मी बसले."

"अप्पांनी बंद केली असती तर अप्पांचं नाव दिसलं असतं."

"ते मला कळत नाही. मी पाहिलं ते सांगतेय."

"नोंदीत माझं नाव आहे. नोंद म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ती काही कुणाचं तोंड बघून बदलत नाही."

"म्हणजे मी खोटं बोलतेय?"

किटली उकळून बंद पडली. रेडिओने चहा न ओतताच दार उघडलं आणि ती जागेवर जाऊन बसली. त्या दिवशी तिचे फोन फार लवकर संपत होते.

खुलाशात फौजदारणीने लिहिलं की ही नोंद आपली नाही, त्या वेळी आपण खालच्या हॉलमध्ये होतो आणि आपला पासवर्ड शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईंना माहीत होता. लिहिताना हात थांबला, हे खरं. पण नोकरी गेली तर नवऱ्याच्या एकट्याच्या कामावर घर कसं चालणार, हेही खरं होतं. तिने कागद साहेबांना नेऊन दिला. संध्याकाळी साहेबांनी रेडिओला आत बोलावलं. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. तिने पर्स घेतली आणि कुणाशी न बोलता ती घरी निघून गेली.

साहेबांचं मात्र समाधान झालेलं नव्हतं. ठाऊक होता म्हणजे वापरला असं होत नाही, ते म्हणाले. पुरावा आणा.

पुरावा तळघरात होता. सॉफ्टवेअरच्या मागचा सगळा डेटाबेस तिथे एका थंडगार खोलीत होता आणि त्याची देखभाल करणारा गृहस्थ भर उन्हाळ्यातही स्वेटर घालून बसलेला असे. सगळे त्याला तळघरवाला म्हणत. हा माणूस दार नेहमी लावून का घेतो याचाही फौजदारणीला जुना संशय होता. ती आत गेली, दार उघडंच ठेवलं आणि म्हणाली की ही ऑर्डर कुठल्या संगणकावरून बंद झाली ते मला दाखवा.

"ते आम्ही ठेवत नाही," तळघरवाला म्हणाला. "नोंद काय ठेवतो ते दाखवतो, हवं तर."

त्याने टेबल उघडलं. टेबल म्हणजे त्याच्या भाषेत नोंदींचा तक्ता. तिला वाटलं होतं, रोज पडद्यावर दिसतं तसंच काहीतरी दिसेल. पण इथे नुसत्या ओळी होत्या आणि ओळींमध्ये आकडे. एक ओळ म्हणजे एक चेंज ऑर्डर. तिची ऑर्डर त्याने शोधून दिली. तारखेच्या जागी एक लांबलचक आकडा होता. एका ठरलेल्या दिवसापासून किती सेकंद उलटले ते मोजून ठेवतात, त्याने सांगितलं, पडद्यावर त्याचीच तारीख करून दाखवतात. 'बंद' हा शब्दही कुठे नव्हता, त्याच्या जागी एक खूण होती.

"आणि माझं नाव?"

"नाव इथे नसतं. इथे फक्त माणसाचा नंबर. हा बघा. नावं दुसऱ्या टेबलात असतात, प्रत्येकाचं एकदाच लिहिलेलं. तुम्ही ऑर्डर उघडली की सॉफ्टवेअर हा नंबर घेऊन तिकडे जातं आणि त्या नंबरापुढे आज जे नाव असेल ते आणून दाखवतं."

दुसरं कुणी असतं तर मान हलवून निघालं असतं. पण ती फौजदारीण होती.

"आज जे असेल ते?" तिने विचारलं. "म्हणजे काल दुसरं असू शकतं?"

तळघरवाल्याने स्वेटरची बाही खाली ओढली. तो म्हणाला, तसं म्हटलं तर असू शकतं. ती म्हणाली, मग ते दुसरं टेबलही उघडा. तो म्हणाला, त्याला परवानगी लागते. ती समोरची खुर्ची ओढून बसली. तिचं बसणं कसं असतं ते सगळ्या रुग्णालयाला माहीत होतं. त्याने टेबल उघडलं.

तिच्या नावाची ओळ समोर आली. तोच नंबर, पुढे तिचं नाव, तिचा फोन, तिचा विभाग. आणि अगदी शेवटी, ही ओळ पहिल्यांदा कधी तयार झाली त्याची तारीख.

"हे काय वर्ष आहे?" ती म्हणाली. "मी तेव्हा शाळेत होते."

तळघरवाला उठला आणि त्याने दार लावून घेतलं. मग खाली मान घालून सांगितलं. शिकाऊ खाती सोडून सॉफ्टवेअरमध्ये किती माणसं घालायची याला मर्यादा होती आणि ती भरली होती. वरून तोंडी हुकूम आला होता, नवी ओळ करू नका, जाणाऱ्याची ओळ येणाऱ्याला द्या. अप्पा गेले तेव्हा त्याने हिचं शिकाऊ खातं काढून टाकलं आणि अप्पांच्या ओळीतलं नाव पुसून तिथे हिचं लिहिलं. नंबर तसाच राहिला. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. घराच्या दारावरची पाटी बदलावी तसं ते काम होतं, दोन मिनिटांचं.

"म्हणजे अप्पांनी आजपर्यंत जेवढ्या ऑर्डरी बंद केल्या..."

"सगळ्या तुमच्या नावावर दिसतात. जुनं कुणी उघडून बघत नाही, म्हणून कळलं नाही. बाई, माझंही नाव यात येईल. मीही बायकापोरांचा माणूस आहे."

ती सुटली होती. नोकरी वाचली होती, आणि तेही पुराव्यानिशी. पण तिला सुटल्यासारखं काही वाटलं नाही. तिच्या कानात रेडिओचं ते वाक्य पुन्हा पुन्हा वाजत होतं. मी पाहिलं ते सांगतेय. जन्मभर इतकं बोलणाऱ्या त्या बाईने त्या दिवशी फार थोडं सांगितलं होतं, आणि ते सगळं खरं होतं. फौजदारणीला स्वतःची लाज वाटली. इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती.

तरी एक शंका उरलीच होती, आणि ती तिला सर्वांत जड गेली. अप्पांनी न तपासता ऑर्डर बंद केली? दंडक घालणाऱ्या अप्पांनी?

अप्पा तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होते. दार काकूंनी उघडलं. आत प्रत्येक बटणाखाली बारीक अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती, पंखा, बाहेरचा दिवा, आतला दिवा. घरात माणसं दोनच, आणि दोघांनाही कुठलं बटण कशाचं ते पाठ. फौजदारणीला ते पाहून भरून आलं. अप्पा खिडकीपाशी खुर्चीत होते, हातातली काठी गुडघ्यांमध्ये धरून. तिला पाहून ते खुलले. कपाला अजून ठिपका आहे का, असं त्यांनी आधी विचारलं.

तिने सगळं सांगितलं. म्हाताऱ्या गृहस्थांचं पडणं, चौकशी, आकड्यांचं टेबल. तिचं सांगून झाल्यावर अप्पांनी विचारलं ते वेगळंच.

"मुलांच्या वॉर्डातली घंटा मी खाली घेतली होती, लहान मुलांच्या हाताला येईल अशी. तीही तुझ्या नावावर?"

"हो, अप्पा."

"आणि ऑपरेशनच्या खोलीला दुसरी लाइन दिली ती?"

"सगळंच."

अप्पांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "ती ऑर्डर मीच बंद केली. वायरमन म्हणाला होता, सगळं जोडलंय. बाकीच्या खोल्या मी स्वतः फिरून पाहिल्या. त्या एका खोलीला कुलूप होतं, किल्ली सापडेना, आणि खाली तुम्ही सगळे खोळंबला होता. माझं शिळं काम तुझ्या गळ्यात पडू नये असं मला वाटत होतं. पहिल्या दिवशी तुला टेबल मोकळं मिळावं. म्हणून तेवढी एक न बघता बंद केली."

फौजदारणीला तो पहिला दिवस आठवला. संगणक उघडला तर एकही ऑर्डर उघडी नव्हती. किती नीटनेटकं काम, म्हणून तिला त्यांचं कौतुक वाटलं होतं. आणि थोडा संशयही आला होता.

"बोलवायला आली होती ती आपली बडबडी," अप्पा म्हणाले. "तिला म्हटलं, हे हिला सांगू नकोस, उगाच उपकार वाटतील. तिने नाही ना सांगितलं?"

"नाही," फौजदारीण म्हणाली. "मी विचारेपर्यंत नाही."

काकू दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, झालं ते झालं, आता या वयात यांच्या नावाचा कशाला बोभाटा, मशीनची चूक म्हणून मिटवता येणार नाही का. फौजदारणीच्याही मनात तेच घोळत होतं. तिने अप्पांना सांगितलं की ओळ बदलली गेली एवढंच सिद्ध झालं तरी माझी सुटका होते, कुणी बंद केली ते कळत नाही असं मी लिहीन.

"नाही," अप्पा म्हणाले. "माझं नाव मला परत दे, पोरी. ती मुलांच्या वॉर्डातली घंटा माझी आहे. मग हीसुद्धा माझीच."

दुसऱ्या दिवशी ते काठी टेकत स्वतः आले. साहेबांपुढे बसून त्यांनी लिहून दिलं आणि मग लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर गेले. त्या गृहस्थांच्या पलंगाशी ते बसले होते असं नर्स सांगत होत्या. काय बोलणं झालं ते कुणाला ऐकू आलं नाही. बाहेर आल्यावर त्या गृहस्थांच्या मुलीने अप्पांना लिफ्टपर्यंत सोडलं, एवढं मात्र सगळ्यांनी पाहिलं.

तळघरवाल्याने अप्पांचं नाव त्यांच्या ओळीत परत लिहिलं आणि फौजदारणीसाठी नवी ओळ तयार केली. त्याला समज देण्यात आली, वरच्यांना काही झालं नाही. आता जुनी कुठलीही ऑर्डर उघडली की तिच्यावर अप्पांचं नाव यायचं. पण गेल्या दोन वर्षांत फौजदारणीने जीव ओतून बंद केलेल्या ऑर्डरीही त्याच नंबरावर होत्या, त्यामुळे त्यांच्यावरही अप्पाच. त्या वेगळ्या करता येतील, तळघरवाला म्हणाला, पण साहेबांनी हात जोडले, चौकशीतल्या नोंदींना आता बोट लावू नका. पेनला दोरी बांधणारी ती बाई यावर एका शब्दाने भांडली नाही. राहू द्या, म्हणाली.

रेडिओकडे ती दोनदा गेली. पहिल्यांदा रेडिओ घरी नव्हती, किंवा नसल्याचं सांगितलं गेलं. दुसऱ्यांदा दारातच भेटली. फौजदारणीने माफी मागितली, सरळ शब्दांत, काही लपवून न ठेवता. रेडिओने ऐकून घेतलं. "असू दे," ती म्हणाली, "तुझा स्वभावच आहे." पण आत ये म्हणाली नाही. पुढच्या आठवड्यात तिने बदली मागून घेतली, तिसऱ्या मजल्यावर, नर्सच्या टेबलाशी कारकून म्हणून. शेजारची खुर्ची रिकामी झाली. फोन तेवढेच येत होते, पण फौजदारणीला वाटायचं, दिवसभर खोलीत कुणी बोललंच नाही.

तिच्या नव्या नंबरावरची पहिली ऑर्डर टोकाच्या खोलीचीच निघाली. तार जोडून झाल्याचं वायरमनने कळवलं. ती स्वतः वर गेली. त्या गृहस्थांना दुसरीकडे हलवलं होतं, पलंगावर स्वच्छ चादर होती. तपासणीला दोघं लागतात, एकाने खोलीत बटण दाबायचं आणि दुसऱ्याने टेबलाशी ऐकायचं. तिने खोलीतला फोन उचलून टेबलाचा नंबर लावला.

"टोकाच्या खोलीतून बोलतेय. घंटा तपासायची आहे."

पलीकडून रेडिओचा आवाज आला, "दाबा."

एरवी अगं-तुगं करणारी ती आज तिला 'दाबा' म्हणाली. तिने बटण दाबलं. लाल दिवा लागला.

"वाजली," रेडिओ म्हणाली आणि फोन ठेवला.

दिवा विझवायला टेबलावरून कुणीतरी यायला हवं होतं. फौजदारणीलाही तो विझवता आला असता, बटण हाताशीच होतं. ती पलंगाच्या कडेला बसून राहिली. दार तिने सताड उघडं ठेवलं होतं. बाहेर लांबलचक बोळ होता. पावलं वाजायला लागली तेव्हा ती सावरून बसली आणि काय बोलायचं ते मनात जुळवायला लागली.

आत आली ती एक नवीनच नर्स होती.

"टेबलावरच्या बाईंनी पाठवलं," ती म्हणाली. "तुम्हीच दाबली होती ना?"

"हो," फौजदारीण म्हणाली. "तपासत होते."

नर्सने पुढे होऊन दिवा विझवला.